तुलूज न सोडणारा रसायनशास्त्रज्ञ : पॉल साबात्ये

थोर शास्त्रज्ञांची चरित्रे वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. लहान गावात जन्म, हुशारीच्या जोरावर मोठ्या शहरात शिक्षण, मग त्याहून मोठ्या शहरातली प्रयोगशाळा आणि पुष्कळदा थेट परदेश. आपल्यापैकी बहुतेकांचा प्रवासही, नोबेल पारितोषिक वगळता, असाच झाला आहे! सांगली, अमरावती किंवा नाशिक, मग पुणे-मुंबई आणि नंतर विमान. म्हणूनच मोठ्या शहरातून स्वतःहून परतलेल्या, आणि पुढे मोठमोठी बोलावणी येऊनही आपले शहर न सोडणाऱ्या एका शास्त्रज्ञाची ओळख करून द्यावीशी वाटते. त्यांचे नाव पॉल साबात्ये. १९१२ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना विभागून मिळाले. विद्यार्थ्यांना त्यांचे नाव पाठ्यपुस्तकातून माहीत असते. इतरांना नसेलही, पण त्यांच्या शोधाचे फळ मात्र डालड्याच्या पिवळ्या डब्यातून आपल्या कित्येकांच्या घरी येऊन गेले आहे!

साबात्ये यांचा जन्म ५ नोव्हेंबर १८५४ रोजी दक्षिण फ्रान्समधल्या कार्कासॉन या गावी झाला. तटबंदीच्या जुन्या किल्ल्यासाठी हे गाव आजही प्रसिद्ध आहे. त्यांचे शालेय शिक्षण कार्कासॉन आणि तुलूज येथे झाले. या काळातली एक हृद्य गोष्ट त्यांच्या चरित्रात येते. धाकट्या भावाचा अभ्यास घेता यावा म्हणून त्यांची मोठी बहीण स्वतः लॅटिन आणि गणित शिकली. मुलींना हे विषय सहसा कोणी शिकवत नसे, तो हा काळ. नोबेल मिळवणाऱ्या भावामागे अशी एक बहीण उभी होती, हे विसरता कामा नये.

त्या काळी फ्रान्समध्ये हुशार मुलाने जायचे ठिकाण एकच होते, ते म्हणजे पॅरिस. उत्तम महाविद्यालये, विज्ञान अकादमी, मानमरातब आणि पैसा, सारे तिथेच एकवटलेले. १८७४ साली साबात्ये यांना तिथल्या दोन सर्वांत नावाजलेल्या संस्थांत प्रवेश मिळत होता. त्यांनी एकोल नॉर्माल ही शिक्षक घडवणारी संस्था निवडली आणि तीन वर्षांनी पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण होऊन ते बाहेर पडले. नीम या गावी वर्षभर त्यांनी शाळेत भौतिकशास्त्र शिकवले आणि १८७८ मध्ये ते पॅरिसला मार्सेलँ बेर्तलो यांचे साहाय्यक झाले. बेर्तलो म्हणजे फ्रेंच रसायनशास्त्रातले त्या वेळचे सर्वांत वजनदार नाव. त्यांच्या हाताखाली काम करून १८८० मध्ये साबात्ये यांनी डॉक्टरेट मिळवली. प्रबंधाचा विषय होता धातूंची सल्फाइडे. कार्बनी रसायनशास्त्राशी तोवर त्यांचा फारसा संबंध नव्हता!

इथून पुढची वाट ठरल्यासारखी होती. बेर्तलोंसारख्या गुरूंचा विद्यार्थी पॅरिसलाच राहतो, हळूहळू वर चढतो. पण साबात्ये दक्षिणेकडे परतले. वर्षभर बोर्दो येथे शिकवून जानेवारी १८८२ मध्ये ते तुलूजच्या विद्यापीठात रुजू झाले. आज तुलूज म्हटले की आपल्याला एअरबसची विमाने आठवतात, पण त्या वेळी ते गारोन नदीकाठचे, गुलाबी विटांच्या घरांचे एक प्रांतिक शहर होते. प्राध्यापकपदासाठी वयाच्या तीस वर्षांची अट असे. ती पूर्ण होताच, १८८४ मध्ये, साबात्ये तिथे रसायनशास्त्राचे प्राध्यापक झाले आणि १९३० मध्ये निवृत्त होईपर्यंत, म्हणजे तब्बल शेहेचाळीस वर्षे, ते त्याच पदावर राहिले.

आता त्यांच्या शोधाकडे वळू. १८९० साली इंग्लंडमध्ये लुडविग माँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांना एक नवलाची गोष्ट आढळली. निकेलसारखा जड धातू कार्बन मोनॉक्साइड वायूशी संयोग पावून एक पटकन उडून जाणारा द्रव तयार होतो. साबात्ये यांच्या मनात आले, की निकेल या वायूला धरू शकतो, तर एथिलीनसारख्या इतर ‘अतृप्त’ वायूंनाही धरू शकेल काय? अतृप्त म्हणजे ज्यांच्या रेणूत आणखी हायड्रोजन सामावून घ्यायला जागा आहे असे. याच सुमारास पॅरिसमध्ये म्वासाँ आणि मूरू यांनी अ‍ॅसिटिलीन वायू ताज्या निकेलवरून सोडून पाहिला होता. धातू तापून लाल झाला, कोळशाची पूड साचली, आणि बाहेर पडलेला वायू हायड्रोजन असावा असे मानून त्यांनी विषय तिथेच सोडला. साबात्ये यांनी आधी म्वासाँ यांच्याकडे विचारणा केली, की हे काम आपण पुढे नेणार आहात का? ते नेणार नाहीत असे कळल्यावरच त्यांनी ते हाती घेतले. दुसऱ्याच्या शेतात न विचारता नांगर घालायचा नाही, हा त्यांचा स्वभाव.

या कामात त्यांचा जोडीदार होता एक धर्मगुरू! आबे जाँ-बाप्तिस्त सांदेरांस हे कॅथलिक पंथाचे पाद्री तुलूजच्याच कॅथलिक संस्थेत रसायनशास्त्र शिकवत. सरकार आणि चर्च यांच्यात फ्रान्समध्ये तेव्हा जोरदार संघर्ष चालू होता. १९०५ साली तर कायद्याने दोहोंची फारकत झाली. अशा दिवसांत सरकारी विद्यापीठातला प्राध्यापक आणि झगा घातलेला पाद्री एकाच नळीवर वाकून वर्षानुवर्षे प्रयोग करत होते, हे दृश्य डोळ्यांसमोर आणण्यासारखे आहे.

१८९७ मध्ये या दोघांनी एथिलीन वायू सुमारे ३०० अंश सेल्सियसला तापलेल्या निकेलच्या बारीक पुडीवरून सोडला. इथेही कोळसा साचला. पण बाहेर आलेला वायू त्यांनी नीट तपासला, तेव्हा त्यात निव्वळ हायड्रोजन नव्हता. बराचसा एथेन होता. एथेन म्हणजे एथिलीनमध्ये आणखी हायड्रोजन मिळवल्यावर होणारा पदार्थ. याचा अर्थ, काही एथिलीन फुटून हायड्रोजन सुटला आणि निकेलच्या सान्निध्यात तोच उरलेल्या एथिलीनला जाऊन चिकटला! मग त्यांनी सरळ एथिलीन आणि हायड्रोजन एकत्र करून निकेलवरून सोडले. थोड्याशा उबेवर, ३०-४० अंशांवरच, त्यांचा एथेन झाला. निकेल नसेल तर हेच दोन वायू एकत्र ठेवून कितीही वाट पाहिली तरी काही घडत नाही.

प्लॅटिनमची पूड असे काही करू शकते हे पूर्वी माहीत होते. पण प्लॅटिनम पडला महागडा धातू. निकेल स्वस्त, आणि त्याच्याकडून होणारी कामे कितीतरी अधिक. साबात्ये आणि सांदेरांस यांनी एकामागून एक पदार्थ त्या नळीतून पाठवायला सुरुवात केली. १९०१ मध्ये बेंझीनची पाळी आली. बेंझीनचे सहा कार्बन अणूंचे कडे मोठे हट्टी. खुद्द बेर्तलो यांनी तीव्र आम्लाबरोबर बंद नळीत, मोठ्या तापमानाला ते वाकवायचा प्रयत्न केला होता. इथे १८० अंशांना बेंझीनची वाफ आणि हायड्रोजन निकेलवरून गेले आणि पलीकडे सायक्लोहेक्झेन गोळा झाले. आपल्या आई-आजीच्या काळात मोठ्या हौसेने नेसल्या गेलेल्या नायलॉनच्या साड्या आठवतात ना? नायलॉन तयार करण्याच्या कारखानदारीत पुढे हेच सायक्लोहेक्झेन कच्चा माल म्हणून लागले.

उपकरण म्हणाल तर अगदी साधे. एक काचेची नळी, तीत निकेलचे ऑक्साइड, खालून गॅसची आच. आधी नुसता हायड्रोजन सोडायचा, म्हणजे ऑक्साइडचे ताजे, बारीक निकेल होते. मग हायड्रोजनबरोबर हव्या त्या पदार्थाची वाफ सोडायची आणि दुसऱ्या टोकाला थंड करून जे मिळेल ते गोळा करायचे. पण या साधेपणात एक मेख होती. गंधक किंवा क्लोरीन यांचा लवलेश जरी आत गेला तरी निकेल निकामी होई. कोळशाच्या डांबरापासून काढलेल्या बेंझीनमध्ये थायोफीन नावाचे गंधकयुक्त द्रव्य किंचित असते. तेवढेही या धातूला विषासारखे लागू पडे. म्हणजे सोवळेओवळे पाळावे तशी शुद्धता पाळली तरच यश!

१९०२ मध्ये त्यांनी दाखवले की कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन यांच्यापासून निकेलवर मिथेन आणि पाणी तयार होते. ही अभिक्रिया आज साबात्ये यांच्याच नावाने ओळखली जाते. पुढे तांब्याच्या पुडीवर अल्कोहोलमधून उलट हायड्रोजन काढून घेता येतो हेही त्यांनी सिद्ध केले. आल्फोन्स माय या सहकाऱ्याबरोबर त्यांनी अ‍ॅल्युमिना, थोरिया यांसारख्या ऑक्साइडांचा अभ्यास केला. एकच अल्कोहोल एका पृष्ठभागावर हायड्रोजन गमावते आणि दुसऱ्यावर पाणी. म्हणजे उत्प्रेरक केवळ क्रियेला वेग देत नाही, तर ती कोणत्या वाटेने जावी हेही ठरवतो.

हे घडते कसे? त्या काळी पुष्कळांचे मत असे होते, की धातूच्या बारीक छिद्रांत वायू दाटीवाटीने कोंबले जातात आणि त्या गर्दीत एकमेकांना भेटतात. धातू बिचारा नुसता मांडव! साबात्ये यांना हे पटेना. नुसत्या गर्दीनेच काम होत असते तर प्रत्येक धातू वेगळे काम का करतो? त्यांचे म्हणणे असे की हायड्रोजन निकेलशी खरोखरच रासायनिक नाते जोडतो, पण ते तात्पुरते असते. ते नाते तुटताना हायड्रोजन शेजारच्या रेणूच्या हवाली होतो आणि निकेल पुढच्या कामाला मोकळा. आपण याला लग्न जमवणारा मध्यस्थ म्हणू. मध्यस्थाने स्थळाची दखलच घेतली नाही तर लग्न जमणार नाही, आणि एका घरात मुक्काम ठोकून बसला तर पुढची लग्ने खोळंबतील. चांगल्या उत्प्रेरकाची पकड फार घट्ट नको आणि फार सैल नको. रसायनशास्त्रज्ञ याला ‘साबात्ये यांचे तत्त्व’ म्हणतात आणि नवा उत्प्रेरक शोधताना आजही त्याचा आधार घेतात. १९१३ मध्ये त्यांनी कार्बनी रसायनशास्त्रातील उत्प्रेरणावर एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला.

हे सारे चालू असताना घरी मात्र दुःखाचा डोंगर कोसळला होता. १८९८ मध्ये त्यांच्या पत्नी निवर्तल्या. मागे चार मुली. माणूस आधीच अबोल, कलेची आणि बागकामाची आवड असलेला. प्रयोगशाळा, वर्ग, मुली आणि बाग, एवढेच त्यांचे जग होते.

१९०७ साल त्यांच्या आयुष्यात महत्त्वाचे ठरले. त्या वर्षी फेब्रुवारीत म्वासाँ आणि मार्चमध्ये बेर्तलो वारले. पॅरिसमधली रसायनशास्त्राची दोन मानाची आसने एकदमच रिकामी झाली, आणि दोन्हींसाठी साबात्ये यांना विचारणा झाली. एका जागी गुरूंची गादी, दुसऱ्या जागी सोर्बोन. कोल्हापूरच्या प्राध्यापकाला एकाच वर्षी मुंबई आणि दिल्ली या दोन्ही ठिकाणची सर्वोच्च पदे चालून यावीत तसे हे होते. साबात्ये यांनी दोन्हींना नकार दिला.

हा नकार म्हणजे नुसता घरकोंबडेपणा होता का? तसे वाटत नाही. १९०५ पासून ते विज्ञान शाखेचे अधिष्ठाता होते. १९०६ मध्ये तुलूजला रसायनशास्त्राची, १९०७ मध्ये विद्युत-अभियांत्रिकीची आणि १९०९ मध्ये शेतीची संस्था उभी राहिली, आणि तिन्हींमागे त्यांची खटपट होती. शेतकऱ्यांच्या, कारागिरांच्या मुलांना आपल्याच प्रांतात उपयोगी विज्ञान शिकता यावे, असा त्यामागे हेतू होता. रशिया आणि पूर्व युरोपातूनही विद्यार्थी तिथे येऊ लागले. पॅरिसला न जाणाऱ्या माणसाकडे जग चालून आले ते असे.

१९१२ चे नोबेल पारितोषिक साबात्ये आणि व्हिक्टर ग्रीन्यार यांना विभागून मिळाले. ग्रीन्यार हे मॅग्नेशियमच्या संयुगांवरील कामासाठी प्रसिद्ध, आणि नान्सी येथे प्राध्यापक. म्हणजे दोन्ही मानकरी पॅरिसबाहेरचे! आजवर अकादमीचे पूर्ण सदस्यत्व मिळवायचे तर पॅरिसमध्ये राहणे आवश्यक असे. १९१३ मध्ये अकादमीने पॅरिसबाहेरच्या शास्त्रज्ञांसाठी सहा नव्या जागा निर्माण केल्या आणि त्यांवर निवडले गेलेले पहिले सदस्य साबात्ये होते. त्यांनी शहर बदलले नाही, अकादमीला नियम बदलावा लागला.

पण या आनंदाला एक गालबोट आहे आणि ते झाकून ठेवणे बरे नव्हे. १९०५ मध्ये अकादमीने झेकेर पारितोषिक साबात्ये आणि सांदेरांस या दोघांना मिळून दिले होते. नोबेलमध्ये मात्र सांदेरांस यांचे नाव नव्हते. ज्या नळीवर दोघे मिळून वाकले होते, तिचा मान एकालाच मिळाला. खुद्द ग्रीन्यार यांनाही खासगीत असे वाटत होते, की हे पारितोषिक साबात्ये आणि सांदेरांस यांना मिळून द्यायला हवे होते, आणि आपल्याला पुढे कधीतरी आपले गुरू बार्बिए यांच्यासह मिळाले असते तर बरे झाले असते. सांदेरांस १९३७ पर्यंत जगले आणि आपले संशोधन करत राहिले. दिशा ठरवणारे, उपपत्ती मांडणारे साबात्ये होते हे खरे, पण हात दोघांचे होते. साबात्ये यांचे नाव घेताना या पाद्रीबुवांचेही घ्यावे, एवढे तरी आपण करू शकतो.

आता डालड्याकडे येऊ. साबात्ये यांची पद्धत वाफेसाठी होती आणि खाद्यतेलाची काही वाफ होत नाही. द्रवरूप तेलातच निकेलची पूड घालून हायड्रोजन सोडण्याची युक्ती विल्हेल्म नॉर्मान या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने केली आणि १९०२ मध्ये त्याचे पेटंट घेतले. पातळ तेल घट्ट झाले! अमेरिकेत १९११ मध्ये सरकीच्या तेलापासून केलेले क्रिस्को बाजारात आले. मुंबईत १९३१ मध्ये हिंदुस्थान वनस्पती मॅन्युफॅक्चरिंग कंपनी स्थापन झाली, शिवडीला कारखाना उभा राहिला आणि १९३७ मध्ये डालडा आला. साजूक तूप ज्यांना परवडत नव्हते अशा लाखो घरांत दिवाळीच्या करंज्या, चिरोटे, शंकरपाळे त्यावर झाले. डबा रिकामा झाला की त्यात तांदूळ भरायचे, नाहीतर गॅलरीत तुळस लावायची!

या कथेची दुसरी बाजूही सांगायला हवी. तेलाचे हायड्रोजनीकरण अर्धवट थांबवले, की निकेलवर काही रेणूंना हायड्रोजन चिकटतो आणि लगेच सुटतोही. सुटताना रेणूची मूळची वाकडी साखळी सरळ होऊन बसते. हीच ती ट्रान्स फॅट. नाते जुळते तसे तुटतेही, असे साबात्ये सांगत होते. इथे त्याचाच हा दुष्परिणाम. अशी चरबी हृदयाला अपायकारक असल्याचे विसाव्या शतकाच्या अखेरीस स्पष्ट झाले. अमेरिकेत २०१५ मध्ये अंशतः हायड्रोजनीकरण केलेल्या तेलांविरुद्ध निर्णय झाला आणि २०१८ पासून तो लागू होऊ लागला. भारतात जानेवारी २०२२ पासून ट्रान्स फॅटवर दोन टक्क्यांची मर्यादा आली. शोध एकच, पण त्याचा उपयोग तपासत राहण्याची जबाबदारी प्रत्येक पिढीची.

आणि त्याच कुटुंबातली दुसरी अभिक्रिया थेट अंतराळात पोचली! २०१० मध्ये आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर साबात्ये अभिक्रियेचे यंत्र बसवण्यात आले. अंतराळवीरांच्या उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड आणि प्राणवायू बनवताना उरलेला हायड्रोजन यांच्यापासून त्यात पुन्हा पाणी मिळवले गेले. मंगळावरच्या वातावरणातून इंधन करायच्या योजनांतही हीच अभिक्रिया पुढे येते. तुलूज न सोडणाऱ्या माणसाचे काम असे पृथ्वी सोडून गेले.

१९३० मध्ये निवृत्त झाल्यावरही साबात्ये यांनी शिकवणे लगेच थांबवले नाही. १४ ऑगस्ट १९४१ रोजी, दुसऱ्या महायुद्धात अर्धा फ्रान्स जर्मनांच्या ताब्यात असताना, तुलूज येथेच त्यांचे निधन झाले. वय होते शहाऐंशी वर्षे. नंतर तिथल्या विज्ञान विद्यापीठाला त्यांचे नाव देण्यात आले आणि कित्येक दशके विद्यार्थी त्या नावाची पदवी घेऊन बाहेर पडले.

गाव सोडावे की राहावे, हा प्रश्न आपण सर्वांनी कधी ना कधी सोडवला आहे, आणि त्याचे उत्तर प्रत्येकाचे वेगळे असते. साबात्ये यांनाही पॅरिसला जाऊन शिकावे लागलेच होते. पण परतल्यावर, जे शिकायला आपल्याला गाव सोडावे लागले ते पुढच्या मुलांना गावातच मिळावे, अशी सोय त्यांनी करून ठेवली. आपण कुठेही राहत असलो, तरी हे काम करता येते. मागच्या गावातल्या शाळेच्या प्रयोगशाळेसाठी करता येते आणि इथल्या मुलांसाठीही करता येते. एक काचेची नळी, थोडे निकेल आणि पुष्कळ चिकाटी एवढ्यावर तुलूजमध्ये जे उभे राहिले, ते आपल्या मुलांना सांगण्यासारखे नक्कीच आहे.